पोटाखालची चौकट

फेब्रुवारीत लोटी बेगलीला पुरलं त्या दिवशी स्लेट फोर्कच्या कबरस्तानाच्या टेकडीवर आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. शवपेटी वर येऊन पोचली आणि कबर तयार नव्हती.

जमीन हातभर गोठली होती आणि तिच्याखाली वाळूच्या दगडाचा थर. आठ माणसं दोन दिवस कुदळी आणि पहारी घेऊन झुंजत होती. त्यातला सगळ्यात तरुण व्हर्लिन, तोही त्रेसष्ट वर्षांचा. खड्ड्यात उतरलेला माणूस दहा मिनिटांत धापा टाकत वर यायचा आणि पुढच्याला खाली उतरायला तितकाच वेळ लागायचा. लोटीची माणसं दीड तास बर्फात उभी राहिली. पाद्रीबुवांनी येत होती ती सगळी भजनं म्हटली, मग पहिल्यापासून पुन्हा सुरू केली.

या टेकडीवरची प्रत्येक कबर गेली चाळीस वर्षं डेन्झिल स्टिडमच्या देखरेखीखाली खोदली जात होती. शेवटी तो शिडीवरून वर आला तेव्हा लोटीच्या लेकीकडे त्याला बघवेना. टोपी काढून तो नुसताच उभा राहिला. त्याच्या धाकट्या भावाची बायको ट्रीवा कॉफीचे थर्मास सांभाळत बाजूला उभी होती. तिने कप पुढे केला तर त्याला तो धरता येईना, इतके हात थरथरत होते. तिने कप परत घेतला आणि कुणाचं लक्ष जाणार नाही अशा बेताने त्याच्यापुढे आडोशाला उभी राहिली.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळे चर्चमध्येच बसून राहिले.

"शहरातल्या अंत्यविधी करणाऱ्या कंपनीकडे मोठं खोदायचं यंत्र आहे," कुणीतरी म्हणालं.

"आहे ना. एकदा आलं होतं," व्हर्लिन म्हणाला. "ओढ्यावरच्या वळणात अडकलं. त्याला काढायला दुसरं आणावं लागलं, आणि दुसऱ्यासाठी तिसरं यायचं तेवढं राहिलं."

टेकडीवर चढणारा रस्ता म्हणजे एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला घळ आणि मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा. तिथून वर जाणारं एकच यंत्र गावात होतं, ते म्हणजे ट्रीवाचा छोटा ट्रॅक्टर. तिचा नवरा आर्विल दोन वर्षांपूर्वी गेला, त्याच्या मागे तो तिच्याकडे राहिला होता. उन्हाळ्यात ती त्यावर कबरस्तानातलं गवत कापायची.

"मग झालं की," व्हर्लिन म्हणाला. "ट्रॅक्टरच्या मागे खोदायचा हात लावायचा. बॅकहो. ट्रीवा, तुझी हरकत?"

"माझी कसली हरकत? पण बॅकहो आणायचा कुठून?"

"माझ्याकडे आहे," डेन्झिल म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. लोटीच्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच चारचौघांत बोलत होता.

"तळं खोदायला घेतला होतास तोच का?" व्हर्लिनने विचारलं. "कसे आहेत रे तळ्यातले मासे?"

चर्च हसलं. डेन्झिलने पंधरा वर्षांपूर्वी लिलावात तो बॅकहो घेतला होता आणि तळं काही झालं नव्हतं. पण आज डेन्झिलही थोडा हसला. "मासे सुखरूप आहेत," तो म्हणाला. "अजून पाण्यात उतरलेले नाहीत."

बॅकहोचे तेलाचे दोन रबरी नळ फाटले होते. ते बदलायला ट्रीवा तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या दुकानात गेली. तिथला मिस्त्री लोवेल प्रॅटर हा आर्विलचा ओळखीचा. पन्नाशीचा, जाडजूड, कमी बोलणारा माणूस. नळ कशाला हवेत ते ऐकून त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"बसवणार कसा, ट्रीवाबाई?"

"मागच्या तीन जोडांवर. नांगर लावतो तसा."

"हं." त्याने हात पुसले. "नांगराला ट्रॅक्टर ओढतो. बॅकहो ट्रॅक्टरला ओढतो. फरक लक्षात येतोय?"

ट्रीवाने मान हलवली, पण ती पुरती हो म्हणणारी नव्हती. लोवेल तिला दुकानातल्या एका ट्रॅक्टरच्या मागे घेऊन गेला. मागचे दोन लिफ्टचे हात त्याने दाखवले आणि त्यातला एक सहज बोटाने वर उचलला.

"हे बघा. हे हात वजन वर उचलतात. खाली येतात ते आपल्या वजनाने. खाली दाबून धरायची ताकद यांच्यात नसते. तुम्ही बॅकहोचं दातेरी बकेट दगडात घातलं, दगड हलला नाही, आणि तुम्ही जोर लावत राहिलात, तर तो जोर जाणार कुठे? बॅकहो स्वतःच वर उचलला जाणार. आणि त्यावर बसलेला माणूस त्याच्याबरोबर. मागे काय असतं? ट्रॅक्टर उलटला तर डोकं वाचावं म्हणून लावलेली ही लोखंडी कमान. माणूस मध्ये सापडतो."

"आणि सापडला नाही तर?"

"तर सगळा हिसका गिअरबॉक्सच्या मागच्या ओतीव लोखंडावर. ते एकदा तडकलं की ट्रॅक्टर गेला."

"मग दुसरा मार्ग काय?"

दुसरा मार्ग म्हणजे पोटाखालची चौकट. ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरच्या, म्हणजे माती उचलायच्या सुपाच्या, पट्ट्यांपासून थेट मागच्या आसापर्यंत जाणारी जाड पोलादी फ्रेम. बॅकहो तिच्या मागच्या टोकाला दोन जाड खिळ्यांनी पक्का बसतो, वर उचलला जायला वावच राहत नाही आणि हिसका सगळ्या ट्रॅक्टरभर वाटला जातो. गवत कापायच्या वेळी पंधरा मिनिटांत बॅकहो काढून ठेवता येतो.

"यात खोट काय ते पण सांग," ट्रीवा म्हणाली. "आर्विल विचारायचा तसं विचारते."

लोवेल प्रथमच हसला. "तीन आहेत. चौकट याच ट्रॅक्टरच्या मापाची लागते, दुसऱ्याला चालत नाही. डेन्झिलचा जुना बॅकहो तिच्यावर बसणार नाही, नवा घ्यावा लागेल. आणि पोट खाली येतं. आठेक इंच. तुमच्या त्या टेकडीच्या रस्त्यावर घासेल का, ते मला इथे बसून सांगता येणार नाही."

ट्रीवाने नळ घेतले आणि घरी आली. संध्याकाळी ती डेन्झिलच्या स्वयंपाकघरात बसली होती. त्याची बायको ओमा बीन्सचं पातेलं ढवळत होती, मक्याचा ब्रेड भट्टीत होता. ट्रीवाने लोवेलचं सगळं म्हणणं सांगितलं, चौकटीच्या खोटीसकट.

"लोवेल दुकानदाराचा माणूस," डेन्झिल म्हणाला. "नवं विकायचं म्हटल्यावर जुन्याला नावं ठेवणारच. अख्ख्या तालुक्यात माणसं तीन जोडांवर बॅकहो लावतात. किती मेले?"

"तुम्ही मोजलेत का, डेन्झिलभाऊ?"

"आणि ती चौकट वर जाणारच नाही. खडकाची पायरी आहे ना, बीचच्या झाडाखाली? पोट तिथे टेकेल. मग बस तिथे चौकटीवर बसून."

ते खरं असण्याची शक्यता होती आणि ट्रीवाला ते ठाऊक होतं. 

"चर्चने पैसे जमवायचे, माझा बॅकहो गोठ्यात असताना?" डेन्झिल म्हणाला. "ते मला जमणार नाही, ट्रीवा. लोटीच्या वेळी..." तो थांबला. "निदान एवढं तरी मी देऊ शकतो."

ओमाने पातेल्यावर झाकण ठेवलं, जरा जोरातच. "अरे देवा," ती म्हणाली. "देणारा घ्या म्हणतो, आणि घेणारीला त्याच्याच जिवाची काळजी. दोघांनी जेवा आता."

ट्रीवा घरी जाताना मनाशी म्हणाली, लोवेलचं बरोबर आहे. आणि तरीही दुसऱ्या दिवशी तिने फोन करून डेन्झिलला सांगितलं की एप्रिलमध्ये जमीन मोकळी झाली की तिच्या कुरणात बॅकहो लावून बघू. लोटीच्या दिवशी ज्या माणसाचे हात कापत होते, त्याला तिला नाही म्हणवेना. पुढे तिने हे ओमाला कबूल केलं तेव्हा ओमा म्हणाली, "अगं, मला चाळीस वर्षं तेच जमलेलं नाही."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तो लावला. जोडणी करायला सकाळ गेली. वरच्या, तिसऱ्या जोडाचा खिळा झिजला होता, त्याच्या जागी डेन्झिलने गोठ्यातला एक बोल्ट घातला. दोन बाजूंचे टेकण्याचे पाय खाली सोडले, मागची चाकं किंचित उचलली गेली. डेन्झिल बॅकहोच्या सीटवर चढला, ट्रॅक्टरकडे पाठ करून. पुढ्यात लिव्हरांची पेटी. पहिली दोन-तीन बकेटं माती सुरेख निघाली. ओल्या कुरणाचा काळा, मऊ थर. डेन्झिलने मान वळवून ट्रीवाकडे बघितलं. त्याचा चेहरा एखाद्याला नोकरी लागावी तसा झाला होता.

"बघ! वाटीतून दही काढल्यासारखं!"

चौथ्या वेळी बकेटचे दात कशाखाली तरी अडकले. कुरणाच्या त्या कोपऱ्यात खाली दगड आहे हे ट्रीवाला माहीत होतं. ती हाका मारायला लागली, पण इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू जाईना. त्याने दगड उचकटायला बॅकहोचा हात खाली दाबला. दगड हलला नाही. बॅकहोच हलला. टेकण्याचे पाय जमिनीवरून सुटले, लिफ्टचे हात मुकाट वर गेले, वरचा बोल्ट चटकन वाकला, आणि सीट, पेटी, माणूस असं सगळं मिळून मागे कलंडत वर उचललं गेलं. डेन्झिलची पाठ कमानीला टेकली. पेटी छातीवर आली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक लिव्हर त्याच्या पोटात रुतला होता. तो जितका दबला जात होता तितकं त्याचं पोटच तो लिव्हर ढकलत होतं, आणि यंत्र त्याला आणखी दाबत होतं.

तो ओरडला नाही. त्याला ओरडता येत नव्हतं.

ट्रीवा धावली. कशी धावली ते तिला नंतर आठवलं नाही. तिने पुढून जाऊन चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. यंत्र जिथे होतं तिथेच थांबलं, पण खाली आलं नाही. डेन्झिलचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, तोंड उघडं.

"कुठला लिव्हर? डेन्झिलभाऊ, कुठला?"

त्याची बोटं हलली. डाव्या हाताची दोन बोटं. तिने डावीकडचा दुसरा लिव्हर पकडला. कोणत्या बाजूला? चुकीच्या बाजूला नेला तर? इंजिन बंद होतं, म्हणजे दाबायला ताकद नव्हती, होती ती नुसती वजनाची. हे तिला त्या क्षणी सुचलं, आणि आयुष्यभर तिला त्याचं नवल वाटत राहिलं. तिने लिव्हर आपल्याकडे ओढला. तेल फसफसलं, आणि सगळं धूड हळूहळू, एखादं जनावर बसावं तसं खाली बसलं.

डेन्झिलने श्वास घेतला. तो आवाज तिने पूर्वी एकदाच ऐकला होता, नुकत्याच जन्मलेल्या वासराचा.

तीन फासळ्या मोडल्या होत्या, एका खांद्याला मुकामार होता. डॉक्टरांनी सहा आठवडे काही उचलायचं नाही म्हणून सांगितलं. पहिल्या आठवड्यात तो कुणाशी बोललाच नाही. ट्रीवा रोज संध्याकाळी जायची, ओसरीवर त्याच्या शेजारी बसायची, काही वेळाने उठून यायची. बॅकहो तिने व्हर्लिनच्या मदतीने काढून परत गोठ्यात ठेवला होता.

आठव्या दिवशी तो म्हणाला, "बोल्ट वाकला. खिळा असता तर तसं झालं नसतं."

"कदाचित," ट्रीवा म्हणाली.

"आणि दगड होता."

"टेकडीवर दगड नाहीत?"

तो हसायला गेला आणि फासळ्यांना हात लावून थांबला. "हसवू नकोस गं, दुष्टे."

"मी चौकट घेते आहे," ती म्हणाली. "चर्चला सांगितलंय. लोटीच्या लेकीने पहिली मदत दिली. तुमचं नाव घेऊन दिली, ऐकून ठेवा."

डेन्झिलने समोरच्या डोंगराकडे बघितलं. मग म्हणाला, "पायरीवर टेकेल."

"टेकते का ते बघते आधी."

तिने काय केलं ते स्लेट फोर्कमध्ये अजून सांगतात. तिने लोवेलला फोन करून चौकट जमिनीपासून नेमकी किती उंचीवर येईल ते विचारून घेतलं. मग गोठ्यातली पातळ लाकडी पट्टी घेतली, तारेने ट्रॅक्टरच्या पोटाखाली त्या उंचीवर आडवी बांधली आणि पहिल्या गिअरमध्ये टेकडी चढायला लागली. पट्टी मोडली तर चौकट टेकली असं समजायचं. व्हर्लिन पुढे चालत होता, वाकून वाकून पोटाखाली बघत.

ओढ्याच्या वळणावर पट्टी सलामत. कातळाच्या अरुंद भागात सलामत. बीचच्या झाडाखाली खडकाच्या पायरीवर ती कडाड मोडली.

"डेन्झिल बरोबर होता," व्हर्लिन म्हणाला. "हे त्याला सांगू नकोस. आयुष्यभर ऐकावं लागेल."

ट्रीवा उतरली. पायरीची उंची तिने फूटपट्टीने मोजली. पायरी उंच होती ही अडचण नव्हतीच, ती एकदम उभी होती, म्हणून पुढची चाकं वर चढली तरी मागची खालीच राहायची आणि मधलं पोट टेकायचं. पायरी फोडायची गरज नव्हती. तिच्या खालच्या बाजूला लांब उतार करून दिला की चाकं हळूहळू चढतील. तिने लोडरने ओढ्यातली खडी आणून टाकायला सुरुवात केली. चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी डेन्झिल काठी टेकत वर आला, खडीच्या उतारावर उभा राहिला आणि पायाने चाचपून बघितलं.

"पावसात वाहून जाईल ही. मोठे दगड खाली घाल, खडी वर."

"तुम्ही सहा आठवडे काही उचलायचं नाही."

"मी उचलत नाहीये. तुला सांगतोय."

तिने मोठे दगड खाली घातले. नवी पट्टी बांधली आणि पुन्हा चढली. पट्टी वर कबरस्तानापर्यंत सलामत पोचली. व्हर्लिनने ती तारेतून सोडवली आणि हातात घेऊन खाली पळत सुटला, त्रेसष्टाव्या वर्षी, डेन्झिलला दाखवायला.

चौकट आणि नवा बॅकहो जूनच्या अखेरीस आले. लोवेलच्या दुकानात बसवायला दिवस गेला. डेन्झिलने अजून दुखणाऱ्या फासळ्यांनिशी येण्याचा हट्ट धरला. तो दुकानात पाठीवर झोपून ट्रॅक्टरखाली सरपटत गेला, टॉर्च घेऊन. पाऊण तास खालून फक्त त्याचे प्रश्न येत होते.

"हा बोल्ट कशाला?"

"आसाला बांधायला."

"आणि हा पुढे?"

"लोडरच्या पट्टीला."

"म्हणजे मागचा हिसका पुढपर्यंत जातो."

"तेच तर सांगत होतो, मिस्टर डेन्झिल."

"मला नाही सांगितलंस. हिला सांगितलंस," खालून उत्तर आलं. मग काही वेळाने म्हणाला, "एवढं जाड पोलाद. माझ्या बॅकहोला याच्या निम्मंही नव्हतं."

एवढंच तो बोलला. ट्रीवाने ते पुरेसं मानलं.

मग प्रश्न उरला तो बसणार कोण. पुरुषांनी आजवर कबरी खोदल्या आणि बायकांनी जेवण आणलं, असाच रिवाज होता. व्हर्लिनचा डोळा मोतीबिंदूने अधू होता. बाकीच्यांनी लिव्हर हाताळून बघितले आणि कुणी खांब, कुणी कुंपण पाडलं. डेन्झिल बसायला तयार होता, पण सीटवर चढताच त्याचा श्वास अडकायचा. फासळ्या बऱ्या होत आल्या होत्या, कारण ते नव्हतं. तो दोनदा चढला, दोनदा खाली उतरला, आणि म्हणाला, "जमणार नाही."

"मी शिकते," ट्रीवा म्हणाली.

 मग ओमा म्हणाली, "मग जेवण कोण आणणार?"

"व्हर्लिन," ट्रीवा म्हणाली.

"मला फक्त कॉफी जमते," व्हर्लिन म्हणाला, "आणि तीही कुणी प्यायली नाही अजून."

जुलै-ऑगस्टभर ती कुरणात खड्डे खोदत राहिली. साडेसात फूट लांब, तीन रुंद, खोली डोक्याएवढी. खोदायची, भरायची, पुन्हा खोदायची. डेन्झिल खुर्ची टाकून बसायचा आणि तक्रारी करायचा. कडा सरळ नाही. माती फार जवळ टाकतेस, परत आत घसरेल. हळू, ते बकेट आहे, झाडू नाही. आणि एकदा, कुरणाच्या त्याच कोपऱ्यात, बकेट दगडाला अडलं.  तिने जोर लावला. ट्रॅक्टर पुढचं तोंड खाली करून जरासा दबला, चौकट कुरकुरली, आणि तिची सीट जागची हलली नाही. दगड हलला. तिने मान वळवून बघितलं तर डेन्झिल खुर्चीवरून उठून उभा होता, दोन्ही हात पुढे करून, जणू तो काही झेलणार होता. तो परत खाली बसला.

"काढ तो दगड," तो म्हणाला. "काय बघतेस."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ओहायोहून फोन आला. हर्शेल क्वालेन गेला होता. चाळीस वर्षं तिकडे कारखान्यात काढली, पण पुरायचं इथे, आईच्या बाजूला, असं त्याने लिहून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी अकरा.

शुक्रवारी ट्रीवाने बॅकहो जोडला आणि टेकडी चढली. दहा-बारा माणसं आधीच वर आली होती, फावडी घेऊन, सवयीने. क्वालेनांची रांग स्टिडमांच्या रांगेला लागून होती. जागा मोजल्यावर एक अडचण निघाली. ट्रॅक्टर उभा करायला एकच जागा होती, आणि टेकण्याचा डावा पाय नेमका आर्विलच्या कबरीवर येत होता.

 डेन्झिल म्हणाला, "दुसरी बाजू बघू."

"दुसऱ्या बाजूला उतार आहे," ट्रीवा म्हणाली. तिने बघून ठेवलं होतं. "फळ्या आणा."

त्यांनी कबरीवर जाड फळ्या अंथरल्या, वजन पसरावं म्हणून. ट्रीवाने डावा पाय हळूहळू खाली सोडला. फळी किंचित दबली. तिला वाटलं होतं काहीतरी होईल, रडू येईल, हात थांबेल. पण मनात आलं ते असं की आर्विलने ट्रॅक्टर उभा करायला हीच जागा निवडली असती. "जरा सहन कर," ती पुटपुटली, आणि बकेट खाली घातलं.

गोठायच्या आधीची जमीन बरी होती. दगडाचा थर लागला, चौकटीने तो सोसला. दोन तासांत खड्डा झाला. शेवटचा वीतभर भाग त्यांनी यंत्राला करू दिला नाही. डेन्झिल फावडं घेऊन शिडीवरून खाली उतरला, कोपरे काटकोनात आणले, तळ हाताने सपाट केला. व्हर्लिन वरून डोकावला.

"झाडून-पुसून घे रे. हर्शेलला ओहायोची सवय आहे."

"तू गप्प बस आणि कॉफी दे."

"कॉफी? तुला नक्की हवीय?"

शनिवारी अकरा वाजता शवपेटी आली तेव्हा कबर तयार होती आणि माती एका बाजूला ढीग करून तिच्यावर हिरवी ताडपत्री घातलेली होती. हर्शेलच्या मुलीने, ओहायोतच वाढलेल्या, विचारलं की खोदलं कुणी. लोकांनी ट्रीवाकडे बोट दाखवलं. ती डिशमध्ये ओमाचा सफरचंदाचा केक घेऊन उभी होती. मुलगी तिच्याजवळ आली आणि काय बोलावं न कळून तिचा हात दोन्ही हातांत धरून राहिली. केक खाली पडला. दोघी हसल्या आणि मग मुलगी रडली.

रविवारी दुपारी डेन्झिल ट्रीवाच्या दारात आला. हातात एक लांब लोखंडी सळई होती, टोकाला घासून चकाकलेली.

"चल वर," तो म्हणाला. "ट्रॅक्टर नको. चालत."

टेकडीवर पोचल्यावर त्याने तिला जुन्या भागात नेलं, जिथे कबरींवर नावं नाहीत, नुसते ओढ्यातले दगड उभे केलेले आहेत, आणि काही ठिकाणी तेही नाहीत. त्याने सळई जमिनीत दाबली. ती वीतभर आत गेली आणि थांबली. दुसरीकडे दाबली, हातभर सरकन गेली.

"इथे माती सैल आहे. म्हणजे कधीतरी खोदलेली. धर. तू दाबून बघ."

ट्रीवाने दाबलं. हाताला फरक कळला.

"हे छोटं. मूल असणार. हे त्याच्या शेजारचं, हेही मूल. एका हिवाळ्यात पाच गेली होती म्हणतात, घटसर्पाने. तिथे ओकच्या मुळापाशी एक बाई. कागदावर हे कुठे नाही. यंत्र आल्यावर माणूस घाई करतो, म्हणून दाखवतोय."

ते तास दीड तास फिरले. तो सांगत गेला, ती सळई दाबत गेली. एका दगडापाशी ती थांबली. दगडावर शेवाळ होतं आणि दोन आडव्या रेघा कोरलेल्या होत्या.

"इथे कोण आहे, डेन्झिलभाऊ?"

"ते माहीत नाही. माझ्या आजालाही माहीत नव्हतं. इथे खोदायचं नाही, एवढंच माहीत."

ती दोन रेघांवरचं शेवाळ बोटाने बाजूला करत होती. डेन्झिल रस्त्याने खाली उतरला आणि पायरीजवळच्या बीचच्या झाडाला टेकून तिची वाट बघत उभा राहिला.